जमिनीपासून दीड हात

"मास्तरीनबाई, तुमच्या लेकीला देवाचं लय याड लागलंय बघा."

हे वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. शोभेचं वाक्य म्हणून लिहीत नाही. मी खरोखरच जमिनीपासून दीड हात वर होते. दोन्ही मुठींत दोर, डोळे मिटलेले, आणि डावी चप्पल खाली पडून उलटी झालेली. माथ्यावर घंटा कलंडत होती, तिच्या ओढीनं दोर वर चालला होता आणि दोराबरोबर मी. भिंतीतल्या झरोक्यातून बाहेरचं बोलणं आत येत होतं. आधी बायबलबाईंचं, मग माझ्या आईचं, संकोचलेलं पण आतून सुखावलेलं.

"तिचं तसलंच आहे हो. घरात चार शब्द बोलत नाही. पण रविवारी उठवावं लागत नाही."

"उटवायचं कशाला? त्यो वरनं हाक मारतोय न्हवं तिला!"

वरून हाक! मी त्याच वेळी वरून खाली येत होते. इतकं हसू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा म्हटलं, पण हात मोकळे नव्हते. मग ओठ दातांत धरले आणि पुढच्या ओढीला पुन्हा वर गेले. घंटा वाजत राहिली. बाहेर दोघी बहुधा माझ्यासाठी प्रार्थना करत असाव्यात.

ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली, सांगलीची. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. त्याआधी माझी सगळी शाळा साताऱ्याकडच्या डोंगरावर, इंग्रजी बोर्डिंगात झाली होती. तिथून मी चांगले टाके घालायला, अंड्याचं पुडिंग करायला आणि कुणी विचारल्याशिवाय न बोलायला शिकून आले. घरी आल्यावर कळलं की देवाशी माझं सगळं बोलणं इंग्रजीत होतं. आमच्या देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो) मराठी गीतं सुरू झाली की पहिल्या ओळीचा अर्थ माझ्या डोक्यात उतरेपर्यंत सगळे तिसऱ्या कडव्यावर पोचलेले असत. मी नुसते ओठ हलवायची. उपासना संपली की बायका घेरायच्या. "काय गं, इंग्रजीत प्रार्थना करून दाखव की!" "लग्नाचं काय?" मी हसायची आणि चपला शोधायला लागायची. चपला नेहमी समोरच असत, पण शोधण्यात बराच वेळ घालवता येतो.

आमच्या देवळाला एक लहानसा मनोरा होता. त्याच्या पायथ्याशी कोठीएवढी अंधारी खोली, तिच्या छताला भोक आणि भोकातून खाली आलेला जाड दोर. घंटा वाजवायचं काम पलूसकडचे एक मामा करायचे. त्यांना सगळे मामाच म्हणत, माझे वडीलसुद्धा. त्या वर्षी मामांचा उजवा खांदा दुखावला. हात डोक्याच्या वर जाईना. पाळकसाहेबांनी उपासनेच्या शेवटी विचारलं, "मामांचा खांदा बरा होईपर्यंत घंटेची सेवा कोण करील?"

सगळं देऊळ एकमेकांकडे पाहू लागलं. मग माझ्याकडे पाहू लागलं, कारण मी हात वर केला होता.

हात वर झाला कसा, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. खरी गोष्ट अशी की मला त्या खोलीला असलेलं दार दिसलं. आतून कडी लावता येणारं. उपासनेआधीचा अर्धा तास, जेव्हा बायका अंगणात जमून एकमेकींच्या सुनांची चौकशी करतात, तो सगळा अर्धा तास मला त्या दाराच्या आत काढता आला असता. आणि कुणी म्हणालं नसतं की पोर माणूसघाणी आहे. उलट म्हणाले असते, सेवा करते.

म्हणजे सुरुवातच लबाडीची. पुढचं तर त्याहून वाईट.

पहिल्या दिवशी मामा शिकवायला आले. स्टुलावर बसले, खांद्याला गरम विटेचा शेक देत म्हणाले, "ताई, एक ध्यानात ठेवा. दोर खाली वडायचा. पन वर निघाला की हात सैल सोडायचे. धरून ठेवायचा न्हाई. घंटा लय जड हाय, आनि तुमी लय हलक्या."

मी मान डोलावली. दोर ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. वर कुठंतरी लाकूड कुरकुरलं. तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून लोंबकळले तेव्हा घंटा बोलली. इतक्या जवळून मी ती कधी ऐकली नव्हती. आवाज कानातून न येता तळपायातून आला. मी इतकी दचकले की मामांनी सांगितलेलं विसरून दोर घट्ट धरून ठेवला. घंटा पलीकडे कलंडली आणि मला वर घेऊन गेली.

"आवं ताई! सोडा! सोडा दोर! आवं!"

मी सोडला नाही. मला वाटलं, आता मरणार. मग वाटलं, मरत नाहीये. मग, दोर वरच्या टोकाला पोचून क्षणभर थांबतो ना, तिथं काहीच वाटलं नाही. मी कशी दिसते, केस विस्कटलेत का, बोलावं लागलं तर मराठीत काय बोलायचं, सगळं खालीच राहिलं होतं, चपलेजवळ. त्या क्षणी मला वजन नव्हतं. मग सावकाश खाली आले, पायाला फरशी लागली, आणि मी दोर पुन्हा ओढला. या वेळी मुद्दाम.

मामा खांदा विसरून उभे राहिले होते. "खुळ्या का काय तुमी?" ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत स्टुलावर बसले. "बरं बरं. पन कुनाला सांगू नका. म्हनतील मामानं मास्तरांची पोर टांगली."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी मी उडायची. दाराला आतून कडी. मामा स्टुलावर, तोंड भिंतीकडे करून, कारण माझं लुगडं पोटरीपर्यंत वर जायचं आणि मामा फार सभ्य होते. उन्हाळ्यात आठवड्यातून तीन लग्नं आली तेव्हा तर मी नवरीपेक्षा जास्त खुशीत होते. लग्नाची घंटा पाच मिनिटं सलग वाजवायची असते. पाच मिनिटं! बाहेर आल्यावर माझे गाल लाल, डोळे ओले, श्वास चढलेला. बायका ते पाहत आणि एकमेकींना कोपरानं ढोसत. "बघा, प्रार्थना करून आली." मी खाली बघायची. आता हे खाली बघणंही भक्तीत जमा होऊ लागलं. अंगणात कुणी लग्नाचं विचारेना. पाळकसाहेबांनी एकदा व्यासपीठावरून नाव न घेता माझं उदाहरण दिलं आणि सगळं देऊळ वळून माझ्याकडे बघायला लागलं, तेव्हा मी हातातलं गीतपुस्तक उलटं धरलं होतं.

या सगळ्याला खतपाणी घालत होत्या बायबलबाई. गावोगाव फिरून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवणाऱ्या बाईला आमच्यात बायबलबाई म्हणतात. या मूळच्या कुंडलच्या. पांढरं लुगडं, काळी छत्री, आणि उसाच्या फडाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचेल असा आवाज. त्यांच्या मनात आलं की काम झालंच. मला देवाचं याड लागलंय असं त्यांच्या मनात आलं, आणि पंधरा दिवसांत महिला मंडळानं ठरवलं की साताऱ्याला होणाऱ्या स्त्रियांच्या संमेलनाला या वर्षी सांगलीतर्फे मला पाठवायचं. तिथं प्रत्येक गावची एकेक बाई उभी राहून साक्ष देणार. म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगणार. विषय होता 'मी सेवा का करते'.

"मला बोलता येत नाही," मी आईला म्हटलं.

"लिहून देते," आई म्हणाली. आणि तिनं चार पानं लिहून काढलीसुद्धा, सुरेख अक्षरात. 'बालपणापासून मला प्रभूच्या मंदिराची ओढ होती,' अशी सुरुवात. बालपणी मी देवळात पाली मोजायची. एका उपासनेत अकरापर्यंत पोचले होते. पण आईनं ती पानं मला वाचून दाखवली तेव्हा तिचा आवाज दोनदा भरून आला, आणि मी पालींचं काही बोलले नाही. कितीतरी दिवसांनी तिला माझ्याबद्दल कुणाला काही सांगण्यासारखं मिळालं होतं.

तरी मी त्या पानांना फार भ्याले नसते. शाळेत मी न समजलेल्या कितीतरी गोष्टी पाठ म्हटल्या होत्या. पण त्याच आठवड्यात बायबलबाई आमच्याकडे गुळाचा चहा प्यायला आल्या आणि कप खाली ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "आमच्याकडं एक होती. लय ग्वाड गळा. पन ती गायची ते सोताचा आवाज ऐकायला. मला कळलं. मी सरळ पाळकांना सांगितलं, हिला गान्यातनं काडा. देवाच्या कामात आपल्या जिवाची मौज शिरली की ते काम दुसऱ्याला द्यावं. व्हय का न्हाई गं पोरी?"

मी मान डोलावली. खुर्चीच्या खाली माझे पाय एकमेकांत अडकले होते. दोर माझ्याकडून काढून घेतला जाईल, हे आतापर्यंत माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेशही नेमका तोच. म्हणाले, सेवा करताना एकदा थांबून मागं वळून बघावं, आपल्या सेवेच्या मागं कोण उभं आहे. प्रभू, की आपणच? मी वळून बघितलं. मागं दोन गवंडी बसले होते आणि त्यांतला एक झोपला होता. पण ते वाक्य काही मला सोडेना. भांडी घासताना मागं कोण आहे? माझी सेवा म्हणजे दोन गोष्टी, लपणं आणि उडणं. यात प्रभू कुठं बसवायचा? आणि गंमत अशी की एवढं सगळं टोचत असूनही बुधवार जवळ आला की पोटात गुदगुल्या व्हायच्या. पश्चात्ताप करायला बसले की हसू यायचं. असा पश्चात्ताप मी कुठं वाचला नव्हता.

शेवटी मामांना विचारलं. दार लावलेलं, पहिल्या घंटेला अजून वेळ होता.

"मामा, तुम्ही तीस वर्षं घंटा का वाजवलीत?"

मामांनी डोकं खाजवलं. "का म्हंजे? घंटा हाय. वाजवाय नगो?"

"तसं नाही. खरं कारण."

"खरं?" मामांनी दाराची कडी बघून घेतली. "घरात सतरा मानसं. ह्याला बोलवा, त्याला बोलवा, मामा बैल सोडा, मामा पोराला धरा. हितं दोर हातात असला की मला कोन काय सांगत न्हाई. देवाचं काम चाललंय म्हनतात." ते गालातल्या गालात हसले. "तीस वर्सं, ताई."

"मग तुम्हाला देवाची भीती नाही वाटली?"

"सुरवातीला वाटायची. मग इचार केला, त्येला ठाऊक हाय न्हवं. त्येच्यापासनं काय लपिवलंय? लपिवलंय ते बायकूपासनं."

मला हे उत्तर आवडलं, पण पुरेना. मी शाळेत विज्ञान शिकले होते. एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं तर एक घटक काढून टाकायचा आणि काय उरतं ते पाहायचं. मी ठरवलं, पुढच्या रविवारी उडायचं नाही. दोन्ही पाय जमिनीवर. मौज वजा केली तर सेवा उरते का? उरली तर मी साताऱ्याला आईची पानं निर्धास्तपणे वाचीन. नाही उरली तर दोर मामांना परत.

पुढच्या रविवारी मामा उशिरा येणार होते. मी खोलीत एकटी. कोपऱ्यातलं मोडकं बाक ओढून आणलं आणि त्याच्या आडव्या फळीखाली दोन्ही पाय घट्ट अडकवले. मग दोर ओढला. घंटा कलंडली, मला वर ओढू लागली, बाकानं मला धरून ठेवलं, हात खांद्यातून निघतात की काय असं झालं. घंटा अर्ध्यातच अडली. आतला लोलक कसाबसा एका बाजूला लागला. टण्ण. मग मी दम घेतला, पुन्हा जोर काढला. टण्ण. पुन्हा दम. टण्ण. घाम डोळ्यांत जात होता. मजा तसूभर नव्हती आणि मला फार पवित्र वाटत होतं. मी मोजून वीस ठोके दिले.

आमच्यात आनंदाची घंटा सलग वाजते. एकेक ठोका, मध्ये लांब खंड, अशी घंटा फक्त एकाच प्रसंगी वाजवतात. हे मला ठाऊक होतं. पण पवित्र वाटत असताना माणसाला काही आठवत नाही.

दार धाडकन वाजलं. बाहेर मामा, धापा टाकत, टोपी हातात. "ताई! कोन गेलं?"

"कुठं गेलं?"

"आवं मेलं कोन!"

मी पाय सोडवेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. बायका घाईघाईनं पांढरी लुगडी गुंडाळून आलेल्या, एकीचा पदर तर उलटा. पुरुष टोप्या काढून उभे. जो तो दुसऱ्याला विचारतोय. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की देवळामागच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर तीन आठवडे अंथरुणाला खिळलेत. बस्स. बायबलबाई छत्री उगारून पुढं, मागं पंधरावीस बायका रडत, त्यांच्या मागं मी, हात हलवत, "अहो ऐका, अहो थांबा," असं म्हणत. पण माझा आवाज माझ्याच हनुवटीपर्यंत पोचत होता.

पोस्टमास्तरांचं दार आतून उघडलं. दारात स्वतः पोस्टमास्तर. काळा कोट घातलेला, बटणं चुकीच्या काजांत, हातात काठी. तीन आठवड्यांत प्रथमच उभे राहिले होते.

"मी घंटा ऐकली," ते म्हणाले. "गावातली एक मैत चुकवली नाही आजवर. कोण गेलं?"

बायबलबाईंचं रडं सुराच्या मध्येच तुटलं होतं.

"बोला की! कुणाच्या मैतीला निघालात?"

"आवं," बायबलबाई हळूच म्हणाल्या, आणि तो त्यांच्या आयुष्यातला एकच हळू आवाज असावा, "तुमच्याच."

पोस्टमास्तरांनी आमच्याकडे बघितलं, स्वतःच्या कोटाकडे बघितलं, आणि इतके हसले इतके हसले की सुनेनं धावत येऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. मग सुनेलाही हसू फुटलं. मग पांढऱ्या लुगड्यातल्या सगळ्या बायकांना. त्या दिवशी उपासना पाऊण तास उशिरा सुरू झाली आणि पहिलं गीत कुणालाच नीट म्हणता आलं नाही.

मी पाळकसाहेबांना सगळं सांगणार होते. वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण उपासना संपायच्या आत बायबलबाई उभ्या राहिल्या आणि गहिवरून म्हणाल्या, "बघा देवाची करनी! ही पोर मरनाची घंटा वाजवती काय, आनि मरायला टेकलेलं मानूस कोट घालून उटतं काय! हिच्या हातून त्यानं काम करून घेतलं." सगळे 'आमेन' म्हणाले. सुनेच्या आधारानं देवळात आलेले पोस्टमास्तरसुद्धा. आईनं माझा हात घट्ट धरला होता.

झालं. खरं शोधायला गेले आणि माझ्या नावावर एक चमत्कार चढला.

साताऱ्याला जायचं ते कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं. लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला एक मोठं पिंप बसवलेलं असे. त्यात कोळसा धुमसायचा आणि चढ लागला की मोटार उसासा टाकून थांबायची. मग उतारू उतरायचे आणि मोटारीच्या मागून चालायचे. मी आणि बायबलबाई जवळजवळ निम्मी वाट पायीच गेलो. त्या माझ्याकडून साक्ष पाठ करून घेत होत्या.

"मोट्यानं! 'बालपनापासून'!"

"बालपणापासून मला प्रभूच्या मंदिराची…"

"अगं, ते मागचं पिंप तुझ्यापेक्षा मोट्यानं बोलतंय."

शेजारून चाललेला एक सुट्टीवरचा फौजी हसला. मीही हसले. मग त्या चार पानांची घडी हातात जड वाटायला लागली. त्यांतला एकही शब्द माझा नव्हता, आणि उद्या तो माझ्या तोंडून देवाच्या नावानं निघणार होता. आजवर मी नुसती गप्प बसले होते. उद्या बोलणार होते. गप्प बसणं आणि खोटं बोलणं यांच्या मधली ओळ इतकी ठळक असते, हे मला त्या चढावर कळलं. पण खरं बोलले तर दोर जाणार होता. आणि आईचा तो भरून आलेला आवाज.

साताऱ्याचं देऊळ आमच्यापेक्षा मोठं निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास-साठ बायका समोरच्या पायऱ्यांवर उन्हात बसल्या होत्या, मागं अजिंक्यतारा. अध्यक्षबाई म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, बारीक काड्यांचा चष्मा, पाठ अशी ताठ की तिला टेकायला भिंत नको. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आरंभाची घंटा व्हायला हवी. वाजवणारा दिसत नाही कुठं."

"आमची पोर वाजवंल!" बायबलबाई उठल्याच. "घंटेसाठीच जन्मलीया ती!"

तिथला दोर खोलीत नव्हता. समोरच्या ओसरीच्या छतातून तो सरळ खाली आला होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ना दार, ना कडी.

मी दोराजवळ जाऊन उभी राहिले. एका हातात आईची पानं. ती कमरेला खोचली. साठ बायका माझ्याकडे बघत होत्या. पाय जमिनीवर रोवून वाजवली तर काय होतं ते मला चांगलंच ठाऊक होतं. सगळा सातारा पांढऱ्या लुगड्यात आला असता. नाही रोवले तर…

"वड की गं!" बायबलबाई कुजबुजल्या. म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

मी ओढला. ही घंटा आमच्या घंटेपेक्षा जड होती. दुसऱ्या ओढीला ती हलली. तिसऱ्या ओढीला तिनं मला उचललं, आणि दीड हात नाही, चांगलं दोन-अडीच हात उचललं. ओसरीचा कठडा खाली गेला. बायकांची डोकी खाली गेली, सगळी वर वळलेली, सगळ्यांची तोंडं उघडी. डोंगरावर ऊन होतं. माझी डावी चप्पल सुटली आणि हवेतून गेली. इतके महिने ओठांत दाबून धरलेलं हसू त्या वेळी सुटलं. अगदी मोठ्यानं, घंटेच्याही वरून. मलाच ते ओळखू आलं नाही. खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा हसले. थांबता येईना. घंटाच थांबेना.

शेवटी ती थांबली. मी एका पायात चप्पल घालून उभी. पानांची घडी केव्हाच खाली पडली होती. समोर अध्यक्षबाई. त्यांच्या हातात, दोन बोटांत धरलेली, माझी दुसरी चप्पल.

"सांगलीची मुलगी ती तूच ना? 'मी सेवा का करते' यावर बोलणार आहेस?"

मी मान डोलावली.

"मग हसलीस का?"

"आनंद झाला तिला, प्रभूचा…" बायबलबाईंनी सुरुवात केली.

"तिला बोलू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

साठ बायका. घरी असते तर मी चप्पल शोधायला लागले असते. पण चप्पल त्यांच्या हातात होती. पोटात अजून गुदगुल्या होत होत्या. मी श्वास घेतला आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, म्हणाले:

"बाई, मला वर जायला आवडतं. पहिल्या दिवसापासून मी त्यासाठीच येते. त्या खाली पडलेल्या पानांवर जे आहे ते माझ्या आईनं प्रेमानं लिहिलंय, पण ते माझं नाही. यात देवासाठी किती आणि दोरासाठी किती, ते मी पुष्कळ शोधलं. मला वेगळं काढता आलं नाही. काढायला गेले तर मैतीची घंटा वाजली. तुम्हाला वाटत असेल तर दोर माझ्याकडून काढून घ्या. पण त्याआधी तुम्ही एकदा धरून बघता का? फक्त चपला आधी काढून ठेवा."